पाटकरकाकांचा मुहूर्त

पाटकरकाका वर्षातून एकदाच सिल्कचा झब्बा घालतात, आणि तो लग्नामुंजीला नव्हे, आयकराचं रिटर्न भरायला. कानात अत्तराचा फाया, हातात नारळाच्या वड्यांचा स्टीलचा डबा, अशा थाटात ते नौपाड्यातल्या माझ्या ऑफिसचा जिना चढतात. तारीख अर्थातच शेवटची.

डोंबिवलीत त्यांचं लेस-बटणांचं दुकान आहे. मी कर सल्लागार. माझ्याकडे येणारे बहुतेक असेच, आपल्या गल्ल्यावर आपणच बसणारे. बाकीचे शेवटच्या दिवशी येतात ते बिलं सापडत नाहीत म्हणून. काकांची बिलं मात्र उन्हाळ्यातच तारखेवार लावून, टाचून तयार असतात. मी दरवर्षी फोन करते, "काका, आत्ताच उरकून टाकू. शेवटी साइट बंद पडते."

"ताई, मुहूर्त तो मुहूर्त! लग्न काय आठवडाभर आधी उरकून टाकतात?"

आणि त्या दिवशी ते खरोखरच वधूपित्यासारखे वावरतात. माझ्या एवढ्याशा ऑफिसात पाय ठेवायला जागा नसते. साइट नुसती गोल गोल फिरत असते. दंडाच्या धास्तीने गिरणीवाले सावंत घाम पुसत असतात. काका त्यांना पंख्याखाली बसवतात. "सावंत, सरकार काय तुम्हाला एकट्याला धरून नेणार नाही. वडी घ्या." पार्लरवाल्या शिंदेबाईंची पिशवी टेबलावर उपडी करून त्यांची बिलं लावून देतात, खाली जाऊन सगळ्यांचा चहा सांगून येतात. कुणाच्या मोबाइलवर ओटीपी आला की "आला, आला!" म्हणत टाळ्या पिटतात. स्वतःचा नंबर आला की मात्र, "आधी यांचं घ्या, मला काय घाई?" सगळ्यांच्या मागून त्यांचं रिटर्न जातं आणि रिकामा डबा घेऊन ते घरी जातात.

यंदा वड्या अजून फिरायच्या होत्या, तेवढ्यात सावंत मोबाइल बघून ओरडले, "मुदत वाढली!"

एकच जल्लोष झाला. "सुटलो बुवा," म्हणत सावंतांनी पिशवी उचलली. "पार्लर तरी उघडते जाऊन," म्हणत शिंदेबाई मागोमाग गेल्या. बघता बघता ऑफिस रिकामं झालं. उरले काका, मांडीवर न उघडलेला डबा घेऊन.

मला आधी हसूच आलं. "काका, तुमचं तरी करून टाकू. साइटही मोकळी झाली आता."

"नको," ते म्हणाले. थोडा वेळ झब्ब्याच्या सुरकुत्या सारख्या करत बसले. मग म्हणाले, "आमची ही गेल्यापासून घरी ताट एकाचंच. दुकानात माणसं येतात, ती लेस घेतात आणि जातात. इथे कसं, वर्षातून एकदा पंगत बसते."

मला फार वाईट वाटलं. उगाच माउस हलवत राहिले.

मग काकांनीच विचारलं, "ताई, नव्या तारखेला ही मंडळी परत येतील?"

"न येऊन जातात कुठे? आणि येणार तेही शेवटच्याच दिवशी."

काकांचा चेहरा उजळला. "म्हणजे यंदा दोनदा!" त्यांनी झाकण काढून डबा माझ्यापुढे ठेवला. "या तुम्हीच खा. तेव्हा ताज्या करून आणतो."

आणि "झब्बा इस्त्रीला टाकला पाहिजे," असं स्वतःशीच म्हणत ते जिना उतरले.