परतीच्या ठिणग्या

ग्राइंडरचा वेग पुरेसा कमी केला, की त्यावरून उडालेल्या ठिणग्या परत येतात. आमच्या औद्योगिक वसाहतीत याचं कुणाला नवल नाही. अडचण असते ती योग्य मोटर निवडण्याची.

नेहमीचा ग्राइंडर एकाच वेगाने फिरतो. धार लावायला तेवढं पुरतं. पण लावलेली धार माघारी घ्यायची, म्हणजे घासून गेलेलं पोलाद पुन्हा लेथवर लोखंड कापणाऱ्या टूलवर बसवायचं, तर चाक अगदी हळू आणि एकसारखं फिरावं लागतं. म्हणून दिवाळी झाल्यावर वहिनी, मी आणि आमच्या लेथवरचा टर्नर शौकत असे तिघं मगदूम अण्णांच्या मोटरींच्या दुकानात गेलो. माघात माझा दादा गेला. त्यानंतर वहिनी स्वतःहून कुठे निघाल्या, त्या याच कामासाठी.

"टूल कुणाचं?" अण्णांनी विचारलं.

"ह्यांचं. शेवटची धार ह्यांच्या हातची होती. खंडेनवमीला शौकतनं हत्यारं पूजेला मांडली. बोथट टूल देवापुढं कसं ठेवायचं, म्हणून आदल्या दिवशी सगळ्यांना नवी धार केली. त्यात हेही घासलं गेलं."

लेथवरच्या माणसाने आपलं टूल आपणच घासायचं, दुसऱ्याच्या टूलला हात लावायचा नाही, हे शौकतला दादानेच शिकवलं होतं. पण त्या दिवशी देव मध्ये आला. आता शौकत दुकानाच्या पायरीवरच उभा होता.

"आत ये की रे," अण्णा म्हणाले. "पायरीवर उभा राहून पोलाद परत येत नसतंय."

मग त्यांनी पंख्याच्या रेग्युलेटरसारखा एक डबा काढला आणि लगेच बाजूला सारला. "हा देत नाही तुम्हाला. यानं वेग कमी होतो, पण मोटरीचा जोरही जातो. चाक अडखळतं आणि येणाऱ्या ठिणग्या वाट चुकतात. तुमच्या वसाहतीतल्या घाटग्यांनी हट्टानं नेला होता. त्यांच्या टूलवर शेजारच्या पोवारांचं पोलाद येऊन बसलं."

"मग?" मी विचारलं.

"मग काय, टूल सामायिक झालं. सोमवार ते बुधवार घाटगे वापरतात, पुढं पोवार. रविवारी टूलला सुट्टी."

दुसरी होती डीसी मोटर. ती हळू फिरतानाही जोर सोडत नाही, पण तिच्या आत कार्बनचे ब्रश असतात आणि त्यांच्या स्वतःच्या ठिणग्या पडतात. "येणाऱ्यांना वाटतं, इथं आधीच गर्दी आहे," अण्णा म्हणाले. "दारातनंच परत जातात."

शेवटी त्यांनी थ्री फेज मोटर आणि तिचा वेग सांभाळणारा ड्राइव्ह काउंटरवर ठेवला. आमच्या कारखान्याच्या शेडला सिंगल फेज वीज असली तरी हा ड्राइव्ह ती मोटर चालवतो. फक्त वेग उतरला की मोटरीचा स्वतःचा पंखाही मंदावतो आणि ती तापते, म्हणून शेजारी वेगळा पंखा लावायचा.

"आणि थांबवताना?" वहिनींनी विचारलं.

अण्णांनी चष्मा काढला. "सगळं तिथंच आहे, वैनी. शेवटी उडाली ती आधी येते. म्हणजे पहिल्यांदा शौकतच्या येणार, मग दादांच्या. शौकतच्या सरल्या की थांबायचं. दादांची एक जरी टूलवर बसली, तरी त्यांची धार उतरायला लागली म्हणून समजा. सगळ्या बसल्या तर दुकानातनं आणलेला कोरा तुकडा हातात राहील. ड्राइव्ह झटका न देता, न घसरता जागच्या जागी थांबवील. पण कधी थांबायचं ते त्याला कळत नाही."

"ते मला कळतंय," वहिनी म्हणाल्या.

शेडमध्ये लेथवर कापून तयार झालेला प्रत्येक जॉब इतकी वर्षं वहिनींच्या हाताखालून गेला होता. कुठला दादाने कापला आणि कुठला शौकतने, ते त्या मायक्रोमीटर लावून माप घेण्याआधी बोटाने सांगत.

ठिणग्या परत घ्यायच्या तर आसपासच्या शेडना आधी सांगावं आणि त्यांनी दारं उघडी ठेवावीत, असा वसाहतीचा रिवाज आहे. सुट्टीच्या दिवशी सकाळी पोवारांनी शटर वर केलं आणि खुर्ची टाकून चहा घेत बसले. "न्या बाबा काय असतील त्या," ते मला म्हणाले. "आमच्यातल्या तेवढ्या ठेवा."

शौकतने नवी मोटर बसवली, पंखा लावला. वहिनींनी टूल चाकाला टेकवून धरलं. मी ड्राइव्हच्या नॉबपाशी उभा राहिलो.

"थांबवा म्हटलं की थांबवायचं, भाऊजी. का म्हणून विचारायचं नाही."

मी वेग उतरवत नेला. चाकावरची खडूची खूण आधी दिसेनाशी होती, ती दिसू लागली. मग बाकाखालच्या काळ्या भुकटीतून एक ठिणगी उठली. आवाज न करता वर आली आणि टूलच्या टोकावर बसली. तिच्यामागे दुसरी. मग त्यांची लांबच लांब ओळ लागली. फरशीच्या फटीतून आल्या, लेथच्या खालून आल्या. एक शौकतच्या शर्टाच्या खिशातून निघाली. त्याने खिसा हाताने उघडा धरला आणि ती जाईपर्यंत श्वास घेतला नाही.

तेवढ्यात बाहेर पोवारांनी कप खाली ठेवला.

त्यांच्या पत्र्यावरून ठिणग्या येत होत्या. रस्त्यावरून, गटारीवरून, बाभळीच्या शेंड्यावरून. भर उन्हातही लाल दिसत होत्या. सगळ्यांच्या मागून काही नदीकडून येत होत्या, दादाच्या अस्थी सोडल्या त्या बाजूने. ग्राइंडरपुढे आयुष्य काढलेल्या माणसाच्या छातीत थोडं पोलाद राहतंच. पोवार उठून उभे राहिले आणि त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. शेडच्या दारातून त्या एकेक करून आत शिरल्या, ओळखीच्या घरात शिरावं तशा.

वहिनींनी दाराकडे पाहिलं नाही. त्या टूलच्या टोकाकडेच पाहत होत्या. बाहेरून आलेली पहिली ठिणगी टोकापासून बोटभर अंतरावर आली.

माझा हात नॉबवर होता. आणखी थोडा वेळ चाक फिरू द्यावं, असं मला फार वाटलं.

"थांबवा," वहिनी म्हणाल्या.

मी थांबवलं. चाक जिथल्या तिथे थांबलं आणि ठिणग्याही होत्या तिथे थांबल्या.

वहिनींनी टूल उचललं, अंगठ्याच्या नखावरून धार हलकेच फिरवली. टोक किंचित डावीकडे झुकलेलं होतं. दादा तसं ठेवायचा. का, ते त्याने कुणाला सांगितलं नव्हतं.

"हेच," त्या म्हणाल्या.

शौकतने विचारलं, "वैनी, आता ह्यांचं काय करायचं?" शेड ठिणग्यांनी भरली होती.

"बोलावलं आपण. आता दारातनं माघारी कसं धाडायचं?"

त्या ग्राइंडरला आता कुणी हात लावत नाही. शौकतने धारेसाठी जुना पुन्हा बसवला, तो पलीकडच्या भिंतीला. जॉब घेऊन जाताना आम्ही हवेत थांबलेल्या ठिणग्यांखालून जरा वाकून जातो. नवीन माल आणणाऱ्या टेंपोवाल्याला पहिल्या वेळी सांगावं लागतं, नंतर तोही वाकतो. पावसाळ्यात त्या कोपऱ्यातली ट्यूबलाइट गेली, पण नवी आणायची कुणाला आठवण झाली नाही. वहिनी तिथेच बसून मायक्रोमीटर वाचतात.