एका पासात दोन दिवाळ्या

त्या सकाळी आम्ही नवरा-बायको बसनं बागेच्या फाटकापर्यंत गेलो, पास जवळ असून आत न जाताच परत आलो. आमची शेवटची सहल ती. अक्कल अर्थात बायकोची, द्वारकेची.

मी खानदेशातून येऊन सुरतेत लूमवर जन्म काढला. शिक्षण चौथीपर्यंत. द्वारका माझ्याहून कमी शिकलेली, पण कायदा वकिलाच्या वर. कामरेजच्या रस्त्याला एका शेठनं बाग काढली होती. तळ्यात होड्या, पाळणे, दिवाळीत रोषणाई. नवरा-बायकोचा मिळून वर्षाचा पास निघे. लोक पास काढतात आत जायला. हिनं श्रावणात काढला आणि डब्यात कुलूपबंद ठेवला.

"वर्ष पहिल्या सिक्क्यापासून मोजतात," ती म्हणे. "सिक्का पडला का दिवस सरू लागले. उगा कशाले सरू द्यायचे?"

"मग डब्यालाच होडीत बसव."

बाईसाहेबांचा हिशेब पक्का होता. पास चाले इंग्रजी तारखेनं, दिवाळी तिथीनं. पुढच्या साली धोंड्याचा महिना नाही, म्हणजे दिवाळी दहा-अकरा दिवस आधी येणार. लक्ष्मीपूजनाला सिक्का मारला तर एका पासात दोन दिवाळ्या! शेठलाही हे सुचलं नसेल. अट एकच, पहिल्या सिक्क्याला दोघं हजर पाहिजेत.

म्हणून लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी मला उन्हात नेलं. कशाला, तर उद्या बाग उघडी आहे का विचारायला!

फाटकावरच्या रमणभाईनं त्याच्या गुजरातीत हिला 'बा', म्हणजे आई, म्हणत विचारलं, "बा, आव्या छो तो सिक्को मारी दउं?"

हिनं पास पदराखाली लपवला. "आज नको, भाऊ. उद्या."

बसमध्ये मी तोंड सोडलं. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "लूम सुटल्यापासून तुम्ही भिंतीकडं तोंड करून बसता. पोरबाळ नाही बोलायले. दोन दिवाळ्या तरी तुमाले माणसांत आणते."

मी म्हटलं, "मोठी आली."

दुपारी चकल्या पाडता पाडता कलंडली. डॉक्टर येईपर्यंत संपलं. संध्याकाळी तापीकाठी पोचवून आलो.

दुसऱ्या सकाळी, सुतकातच, पास घेऊन पहिली बस धरली. रमणभाईनं माझ्या मागं पाहिलं.

"बा क्यां?"

"येतेय मागून. तू मार."

त्यानं मारला. मी आत गेलो नाही. फाटकाबाहेर बसून ओल्या शाईवर फुंकर घालत राहिलो.