आत्याचं डोकं

बाबांच्या शेवटच्या साध्या दिवशी सकाळी मामी सुरू झाली नाही, मोठ्या काकांनी काळा धूर सोडला आणि आत्या नेहमीप्रमाणे उलटी फिरली.

ही माणसं नव्हती, ट्रॅक्टर होते. घरामागच्या लांबलचक पत्र्याच्या शेडमध्ये बाबांनी असे सात जुने ट्रॅक्टर जमवले होते. शिवाय एक मळणीयंत्र, दोन पेरणीयंत्रं आणि ज्याचा उपयोग काय हे त्यांना स्वतःलाही शेवटपर्यंत न कळलेलं एक दातेरी अवजार. प्रत्येक ट्रॅक्टरला नात्यातल्या कुणाचं तरी नाव होतं. स्वभाव जुळला की नाव पक्कं. मामीचं तेल गळायचं. मावशीला दर वेळी मागून धक्का द्यावा लागायचा. मोठे काका तापायला वेळ घेत, पण एकदा सुरू झाले की कुणाला बोलू देत नसत. पाहुण्यांसमोर मात्र ही नावं घ्यायची नाहीत, असा घरचा कडक नियम होता, आणि तो तीस वर्षं पाळला गेला होता.

त्या सकाळी छोटी शेडमध्ये टॉर्च धरून उभी होती. छोटी बेचाळीस वर्षांची होती आणि शहरातल्या एका मोठ्या वाचनालयात ग्रंथपाल होती. लोकांना गप्प बसवणं हे तिचं कामच होतं, आणि स्वतः गप्प बसण्यात तर तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. दोन दिवसांसाठी घरी आली की ती टॉर्च धरायची. सात वर्षांची असल्यापासून हेच तिचं काम होतं.

"उजेड माझ्या हातावर नको, नटावर पाड," बाबा मामीच्या पोटाखालून म्हणाले.

"तुमचा हात नटावरच आहे, बाबा."

"मग दोन्हीवर पाड."

नंतर त्यांनी चिंधीला हात पुसले, खिळ्याला टांगलेली वही काढली आणि नेहमीसारखं काहीतरी टिपून ठेवलं. कोणत्या ट्रॅक्टरला काय लागतं, कोण कशानं रुसतं, सगळं त्या वहीत होतं. मग चहा फिका झालाय म्हणून कुरकुर करत त्यांनी दोन कप प्यायले. दुपारी झोपले, संध्याकाळी फाटकाच्या बिजागरीला तेल घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मामी सुरू झाली असती की नाही हे कुणालाच कळलं नाही, कारण बाबा उठलेच नाहीत.

सहा आठवड्यांनी प्रश्न आला तो ट्रॅक्टरांचा. आईला आता छोटीच्या घराजवळ राहायला जायचं होतं, आणि सात ट्रॅक्टर काही सोबत नेता येत नाहीत. छोटीनं पत्रं लिहून लिहून एका शेतकी संग्रहालयाला राजी केलं. तिथल्या बाईंची अट एकच होती. सातही ट्रॅक्टर चालू स्थितीत असतील, तर सगळे एकत्र, एका दालनात, बाबांच्या नावानं ठेवू. एक जरी बंद असला तरी घेता येणार नाही. मग उरला तो भंगारवाला. तो दोनदा येऊन शेडकडे मायेनं बघून गेला होता.

सहा ट्रॅक्टर मिस्त्रींनी चालू करून दिले. मिस्त्री बाबांचे जुने दोस्त. आयुष्यभर इंजिनांजवळ उभं राहून त्यांचे कान निम्मे गेले होते. पण आत्यापुढे त्यांनी हात टेकले.

"हिच्या वाटेला मी कधी गेलो नाही, ताई. ही फक्त त्यांचंच ऐकायची. तेही अर्धंच. वही बघा, वही."

वही खिळ्यावर नव्हती.

शेड पालथी घातली, घर पालथं घातलं. आई म्हणाली, "तुझी आत्या परत जाताना तिकडे गेली होती खरी. भावाच्या हातचं काहीतरी जवळ असावं म्हणत होती."

छोटीनं ताबडतोब आत्याला फोन लावला. म्हणजे खऱ्या आत्याला, बाबांच्या थोरल्या बहिणीला. आत्या परत जाऊन दोन महिने झाले होते आणि तिचा एकही फोन आला नव्हता.

"आत्या, मी छोटी. बोलायला वेळ आहे का?"

"पंधरा मिनिटांनी कर," आत्या गार आवाजात म्हणाली. "माझं डोकं अजून तापलेलं नाही. तापल्याशिवाय मी कामाला लागत नाही म्हणे."

"काय?"

"आणि जपून बोल. सुरू झाले की मला थांबवणं कुणाच्या हातात नाही. शिवाय मी केव्हा उलटी फिरेन याचा नेम नाही. माझ्या सख्ख्या भावानं लिहून ठेवलंय हे. तारीखवार!"

म्हणजे वही आत्याकडेच होती. आत्यानं वही बसमध्येच वाचून काढली होती. आणि आपल्याच घराण्याची ही बदनामी एकटीनं सोसायची नाही म्हणून तिनं मामीला फोन करून मामीचं पान वाचून दाखवलं होतं, मोठ्या काकांना मोठ्या काकांचं. मोठ्या काकांचा फोन येऊनही गेला होता. "मी काळा धूर सोडतो? अगं, मी सिगरेट सोडून वीस वर्षं झाली!" असं ओरडून त्यांनी तो ठेवून दिला होता, आणि छोटीला वाटलं होतं, वयोमान.

"आणि शेवटची ओळ ऐक," आत्या म्हणाली. "'सरळ चालायला लागली की बोलवायचं.' म्हणून मला चार वर्षं घरी बोलावलं नव्हतं होय? मी आले ती तो गेल्यावर. न बोलावता."

"आत्या, अगं ते तुझ्याबद्दल नाही. ते ट्रॅक्टरबद्दल आहे."

पलीकडे वहीची पानं उलटल्याचा आवाज आला.

"म्हणजे त्यानं ट्रॅक्टरला माझं नाव दिलं?"

"हो."

"डोकं तापतं म्हणून?"

"वही तेवढी पाठवतेस का?" असं छोटीनं विचारेपर्यंत फोन बंद झाला होता.

रविवारी अकराला संग्रहालयाच्या बाई येणार होत्या. साडेदहाला छोटी आणि मिस्त्री शेडमध्ये आत्यासमोर उभे राहिले. ट्रॅक्टर फारच जुन्या घडणीचा. एकच सिलेंडर, आणि पुढे नाकासारखं बाहेर आलेलं लोखंडी डोकं. ते ब्लो लॅम्पच्या ज्योतीनं लाल होईपर्यंत तापवायचं, इतकं छोटीला नक्की आठवत होतं. पुढचंही आठवत होतं. स्टिअरिंग दांड्यासकट उपसून काढायचं, ते बाजूच्या जड चाकात खुपसायचं आणि हिसका मारायचा. इंजिन सुरू झालं की स्टिअरिंग पुन्हा जागेवर. त्यापुढचं आठवत नव्हतं, कारण तिथवर आलं की बाबा म्हणायचे, "टॉर्च बंद कर, सेल संपतील."

डोकं तापलं. छोटी सीटवर चढून बसली, कारण कुणीतरी वर बसायला हवं होतं आणि मिस्त्रींना खाली दोन्ही हात लागणार होते. मिस्त्रींनी स्टिअरिंग उपसलं, चाकात घातलं आणि सगळं वय पणाला लावून हिसका दिला. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा शेड हादरली. ठक. ठक. ठक ठक ठक.

"झाली!" मिस्त्री स्टिअरिंग उंचावून ओरडले. "आता गिअर टाकू नका!"

त्या आवाजात 'नका'चा पार भुगा झाला. छोटीनं पहिला गिअर टाकला.

पहिल्या गिअरमध्ये ट्रॅक्टर पुढे जातो, ही जगरहाटी. पण इंजिनच उलटं फिरत असेल तर पुढचा गिअर मागे नेतो. वहीत हे तीनदा अधोरेखित केलेलं होतं, आणि वही आत्याकडे होती. छोटी समोर बघत बसली होती. समोर हातात स्टिअरिंग घेतलेले मिस्त्री हळूहळू लहान होत चालले होते.

मागचा पत्रा एकदाच किंचाळला आणि आडवा झाला. मग ऊन आलं. मग आईची वाळत घातलेली चादर आली आणि छोटीच्या डोक्यावर बसली. ट्रॅक्टर चालत्या माणसाच्या वेगानं मागे निघाला होता, त्यामुळे कुणाला पळावं लागलं नाही. आई ओट्यावरून उतरून शांतपणे सोबत चालू लागली.

"अगं, कुठे चाललीस?"

"मला माहीत नाही!" छोटी चादरीतून म्हणाली.

"वांग्यांवरून नको नेऊस!"

"स्टिअरिंग मिस्त्रींकडे आहे!"

वांगी गेली. अंगणातला रांजण थोडक्यात वाचला. ट्रॅक्टर पाठमोराच फाटकाकडे निघाला, आणि नेमक्या त्याच वेळी संग्रहालयाच्या बाई हातात फाइल घेऊन गाडीतून उतरत होत्या. त्यांच्यामागे, काखेत वही आणि कपाळावर आठी घेऊन, खरी आत्या येत होती. कोणत्या भंगाराला आपलं नाव दिलंय ते एकदा डोळ्यांनी बघायला ती पहाटेच्या बसनं निघाली होती. वहीसुद्धा तिनं दारातूनच हात घालून काढली होती; त्या दिवसापर्यंत शेडमध्ये पाऊल टाकलं नव्हतं. दादल्यासारखा डिझेलचा वास कपड्यांना धरून बसतो, असं ती म्हणायची.

"हा उलटा का येतोय?" बाईंनी विचारलं.

आत्यानं वही बाईंच्या फाइलवर ठेवली, पदर खोचला आणि ट्रॅक्टरच्या बाजूनं चालू लागली. "छोटे, डावा पाय. क्लच. दाब. अर्धवट नाही, मुळापर्यंत दाब. आता गिअर मधे आण."

ट्रॅक्टर बाईंच्या गाडीपासून दोन हातांवर थांबला. इंजिन उलटंच धडधडत राहिलं. छोटीनं चादर काढली. आत्या तिच्याकडे बघत नव्हती. ती मागच्या मडगार्डवरच्या एका खोलगट पोच्यावरून बोट फिरवत होती.

"हा मी पाडलाय," ती म्हणाली. "सोळा वर्षांची होते. जुन्या घराच्या फाटकावर. हा ट्रॅक्टर तर विकला होता. माझ्या लग्नाच्या वर्षी. चालवणारीच चालली, आता ठेवून काय करायचं, असं आमचे वडील म्हणाले होते."

"ह्यांनी शोधून परत आणला," आई म्हणाली. "सहा वर्षं शोधत होते. तुम्हाला एकदम समोर नेऊन उभं करायचं होतं. पण मेला दर वेळी उलटाच फिरायचा. दर वर्षी म्हणायचे, एकदा सरळ चालायला लागली की अक्काला बोलवतो."

आत्या नाक ओढून म्हणाली, "मूर्ख. बोलावलं असतं तर सरळ करून दिला नसता का मी?"

मिस्त्री धापा टाकत येऊन पोचले आणि एखादा मान सुपूर्द करावा तसं त्यांनी स्टिअरिंग आत्याच्या हातात दिलं. आत्यानं ते खटकन जागेवर बसवलं, छोटीला बाजूच्या मडगार्डवर सरकवलं आणि वयाच्या बहात्तराव्या वर्षी सीटवर चढली.

"बघ आता. वेग कमी करत न्यायचा. आणखी कमी. जीव जातोय असं वाटेपर्यंत."

ठोके लांब लांब पडू लागले. ठक. ...ठक. मग इतकी शांतता, की छोटीनं नकळत आत्याचा दंड धरला. आई पण जागीच थबकली.

"इथे बाळू, तुझा बाप, घाबरायचा," आत्या हळूच म्हणाली. "मेलं असं वाटून आधीच हात सोडायचा. पण ते मेलेलं नसतं. त्या शेवटच्या ठोक्याला ते उलटं वळतं, तेव्हा द्यायची रेस." आणि तिनं दिली.

इंजिन खोकलं, अडखळलं आणि दुसऱ्या बाजूनं फिरू लागलं. आत्यानं पहिला गिअर टाकला. ट्रॅक्टर सरळ, पुढे, पडलेल्या पत्र्यावरून शेडमध्ये शिरला आणि मामीच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

बाई मागोमाग आल्या. त्यांनी फाइलमध्ये सात खुणा केल्या. "सगळे घेतो," त्या इंजिनाच्या वरताण ओरडल्या. "पण दालन तयार व्हायला तीन महिने लागतील. तोवर दर आठवड्याला प्रत्येक ट्रॅक्टर चालवायला हवा, नाहीतर इंजिनं जाम होतात. तुमच्याकडे कोण चालवेल?"

मिस्त्रींनी खांदा चोळला. आईनं वांग्यांच्या दिशेला पाहिलं. "बाकीचे मिस्त्री चालवतील, ही मी," आत्या म्हणाली. "नाव माझं आहे ना?"

छोटी अजून मडगार्डवरच बसली होती. अशाच एका मडगार्डवर बसून तिनं लहानपणी शंभर पुस्तकं वाचली असतील. बाबा खाली काम करत, ती वर वाचत बसे, आणि मधूनच ते मान वर करून तिच्याकडे बघत. काही म्हणत नसत. तीही नसे.

ती काहीतरी पुटपुटली.

"काय?" आत्या म्हणाली.

ती पुन्हा बोलली.

"मोठ्यानं बोल गं! हे काय वाचनालय आहे?"

"मला शिकायचं होतं!" छोटी ओरडली. मिस्त्रीसुद्धा दचकून वळले. "चालवायला! सात वर्षांची असल्यापासून! मला टॉर्च नव्हती धरायची, आत्या. मला बाबांकडून ट्रॅक्टर शिकायचा होता!"