अरुणकुमारनं बंद केलेलं पाणी

अरुणकुमारचा पाय एका जागी ठरत नाही, ही शेवंताबाईंची जुनी तक्रार. सात वर्षं पोरगा टीव्हीवर बातम्या वाचत होता. रुआबांधा वस्तीत त्यांना सगळे न्यूजवाल्याची माय म्हणत. ते सोडून तो पुस्तकं छापायला लागला. त्यातून वेळ उरला, तर मालिकेत काम करायला लागला. "उद्या सर्कशीत जाशीन," त्या म्हणत, "मंग मी लोकायले काय सांगू?"

रविवारी त्याच्या पहिल्या पुस्तकाचं प्रकाशन होतं. कविता शेजारच्या जानरावांच्या. जानराव पोलादाच्या प्लांटात क्रेन चालवत आणि कविताही तशाच, खाली कोण आहे न पाहता सोडत. त्यांना पाहून लोक रस्ता बदलत. हॉल रिकामा राहिला तर प्रकाशन गुंडाळून पुन्हा बातम्यांच्या नोकरीला अर्ज करीन, असं अरुणकुमारनं बायकोला, सत्यशीलाला, कबूल केलं होतं.

शनिवारी संध्याकाळी तो हॉलवर खुर्च्या मांडत असताना घरी त्याची मालिका लागली. काम बातम्या देणाऱ्याचंच. तोच कोट, तोच चष्मा. "शहर में कल से तीन दिन पानी नहीं आएगा," तो पडद्यावरून गंभीरपणे म्हणाला.

शेवंताबाई उठल्याच. "सत्यशीला, गुंड-घागरी काढ. बादल्या भर."

"आई, नाटक हाय ते."

"सात वर्षांत एक शब्द खोटा बोलला काय तो? अन् आता कोट घालून खोटं बोलन?"

अंगणात भांड्यांची रांग पाहून समोरच्या साधनाबाईंनी विचारलं, "कावून भरून राहिल्या, मावशी?"

"अरुणनं सांगतलं टीव्हीवर."

एवढं पुरे झालं. साऱ्या मोहल्ल्याच्या तोट्या एकदम उघडल्या. ड्रम भरले, कुकर भरले, एकानं तर हेल्मेटही भरून ठेवलं. सकाळपर्यंत टाकी कोरडी. पाणी खरंच बंद.

हॉलमध्ये अरुणकुमार, जानराव आणि ऐंशी खुर्च्या. ज्यांना बातमी उशिरा कळली ते सगळे बादल्या घेऊन शेवंताबाईंच्या फाटकाशी, कारण सगळ्यांत जास्त पाणी तिथंच होतं.

अरुणकुमार मान खाली घालून परतला. "संपलं, माय. सोमवारी अर्ज धाडतो."

हेच तर त्यांना हवं होतं. पण रांगेसमोर पोराचं पडलेलं तोंड पाहून त्यांना राहवेना. "जानरावले इकडं आण," त्या म्हणाल्या. मग रांगेकडे वळल्या. "एका बादलीले एक कविता. आयकल्याबिगर पानी नाही."

"मले दोन पाह्यजे, मावशी."

"मंग दोन आयक."

दुपारपर्यंत अर्धं पुस्तक वाचून झालं. साधनाबाईंच्या बहिणीनं तर एक कविता पुन्हा म्हणायला लावली. तिच्या ड्रममध्ये जागा होती. सेकंड शिफ्टवाला केवलराम मात्र बादली भरली तरी हलेना.

"जा ना आता," शेवंताबाई म्हणाल्या.

"अजून एक होऊ द्या. कवितेतल्या त्या क्रेनखाली मीच उभा राह्यतो."

मागचे लोक बादल्या उलट्या घालून त्यावर बसले. जानराव पहिल्यांदाच समोर कोण आहे ते पाहून वाचायला लागले.

संध्याकाळी अरुणकुमारनं हळूच विचारलं, "माय, अर्जाचं काय करू?"

"बातम्या वाचत होता तवा लोक आयकत अन् कूस बदलत," शेवंताबाई म्हणाल्या. "काल खोटं बोलला तं सारा मोहल्ला उठला. तू खोटंच बोलत जाय, बापू. पन मले आधी सांगत जाय."