कडक उपास

सत्त्याण्णव साली गावोगावच्या सरकारी डॉक्टरांना कोलेस्टेरॉल शिकवायला नगरला बोलावलं होतं. येताना प्रत्येकानं एक पेशंट उपाशीपोटी आणायचा होता. खर्ड्याचे डॉ. साळवे आसारामला घेऊन गेले आणि पहिल्याच सकाळी त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. रक्त यंत्रात फिरवल्यावर नळीत वर पिवळसर पाणी दिसायला हवं होतं. आसारामच्या नळीत चक्क दूध दिसत होतं.

पुण्याहून शिकवायला आलेल्या मॅडमनी नळी उजेडात धरली आणि रक्तात एवढी चरबी घेऊन हा माणूस चालत आला कसा, असं विचारलं. बाकीचे डॉक्टर आसारामकडे शेवटचं दर्शन घ्यावं तसे बघू लागले. साळव्यांना मागचं सगळं आठवलं. हा माणूस वर्षभर छाती जळते म्हणून येत होता आणि आपण पित्ताच्या गोळ्या देऊन त्याला वाटेला लावत होतो. आता हा इथंच गेला, तर त्याच्या बायकोला काय तोंड दाखवायचं?

आसाराम तर घामानं निथळत होता. "मला आदी घरी पोचवा साहेब. जे व्हायचं ते तिथंच होऊ द्या."

सकाळपासून काही खाल्लं का, असं मॅडमनी विचारलं.

"न्हाई. साहेब म्हनले उपाशी या, म्हनून कडक उपास धरला. एसटीत बसायच्या आदी साबुदान्याची खिचडी, शेंगदान्याचे लाडू अन् तांब्याभर म्हशीचं दूध. धान्याचा एक कन पोटात गेला न्हाई."

सगळा हॉल हसला. नळीतलं दूध त्या फराळाच्या चरबीचं होतं. गावात 'उपाशी' म्हणजे काय ते फोड करून सांगत जा, असं मॅडमनी सगळ्यांना बजावलं. उद्या पुन्हा रक्त घ्यायचं ठरलं. तुलनेसाठी शेजारी ठेवायला निरोगी माणसाचंही रक्त हवं होतं. जीव भांड्यात पडलेल्या साळव्यांनी आनंदानं हात पुढं केला. त्या रात्री दोघंही नुसत्या पाण्यावर झोपले.

सकाळी आसारामची नळी स्वच्छ निघाली. शेजारच्या नळीत दूध होतं.

मॅडमनी साळव्यांना बाजूला घेऊन, रात्री चुकून काही खाल्लंत का, असं हळूच विचारलं.

आसारामनं मायेनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "भिऊ नका साहेब. काय खाल्लं ते सांगून मोकळं व्हा. मी सांगितलं, तर लगेच बरा झालो."

साळव्यांनी खूप आठवून पाहिलं. त्यांना एक घासही आठवेना.