कलह समाधानकारक

मुलुंडच्या दत्ताराम आणि लवू परब या सख्ख्या भावांत भांडण नव्हतं, ही त्यांच्या अर्जातली मुख्य त्रुटी होती.

झालं असं, की लवूने सात वर्षांपूर्वी नोंदवलेला गॅसचा नंबर एकोणीसशे चौऱ्याऐंशी साली एकदाचा लागला. घरात थोरल्या दत्तारामच्या नावावर एक सिलिंडर होता. तो संपला, की पुढचा येईपर्यंत तीन आठवडे त्यांची आई रुक्मिणी रॉकेलचा स्टोव्ह पेटवायची आणि दिवसभर खोकायची. डॉक्टरांनी स्टोव्ह बंद करायला सांगितलं होतं. दुसरा सिलिंडर आला, की प्रश्न मिटणार होता. दोघांनाही आईची काळजी खरोखरच होती, हे इथे मुद्दाम नमूद करायला हवं, कारण अर्जात त्यासाठी रकाना नव्हता.

गॅस एजन्सी म्हणाली, एका रेशनकार्डावर एकच गॅस. रेशनिंग ऑफिस म्हणालं, वेगळी चूल असेल तरच वेगळं कार्ड. म्हणून भावांनी दोन खोल्यांत दोन चुली मांडल्या आणि इन्स्पेक्टर अंबादास तपासणीला आले. नेमका तेव्हा लवू दत्तारामच्या ताटातली सुरमई उचलून खात होता.

'भाऊ' या विषयाचा अंबादासांचा अभ्यास दांडगा होता. घाटकोपरला लागलेला दोन भावांच्या वैराचा हिंदी पिक्चर त्यांनी चार वेळा पाहिला होता. भाऊ कसे वेगळे होतात हे त्यात पायरीपायरीने दाखवलेलं असल्याने ते त्यालाच नियम मानत. परबांकडे ना मधे भिंत, ना शपथ, ना उंबऱ्यावर कुणी रडत बसलेलं. त्यांनी शेरा मारला : 'कलह अपुरा.'

"एकदा पिक्चर बघून घ्या," जाताना ते म्हणाले. "मग पुन्हा अर्ज करा."

भावांनी अर्धी रजा टाकून तीनचा खेळ पाहिला. मध्यंतरात एकच बटाटावडा दोघांनी वाटून खाल्ला. पडद्यावर आईला कोण ठेवून घेणार यावरून भाऊ हाणामारीवर आले, तेव्हा दत्ताराम हुंदके देऊन रडला आणि लवूने त्याला आपला रुमाल दिला. मग घरी आठवडाभर तालीम झाली.

दुसऱ्या तपासणीत लवूने ठरल्याप्रमाणे ताट भिरकावलं. दत्तारामने तोंड न बघण्याची शपथ घेतली. अंबादासांनी जांभई दिली.

"पाठ केलेलं वाटतंय यार. मनातलं काहीतरी येऊ दे ना."

लवूला आधी मनातलं काही सुचेना. मग सुचलं. "मला शाळेतून काढून कामाला लावलंस, दादा. आणि स्वतः नाईट स्कूलला गेलास."

दत्ताराम शपथ विसरून त्याच्याकडे वळला. "तुला टायफॉइड झाला तेव्हा उशाशी बसून नोकरी कुणाची गेली रे? आईला विचार."

"तिला काय विचारू? ती कायम तुझंच खरं करते."

पुढचं तासभर चाललं. त्यातलं एकही वाक्य पिक्चरमध्ये नव्हतं. अंबादासांनी समाधानाने पेन उघडलं आणि शेरा लिहिला : 'कलह समाधानकारक.' मग आईचं नाव कोणाच्या कार्डावर घालू, असं त्यांनी विचारलं. पिक्चरमध्ये इथेच हाणामारी होते, म्हणून ते जरा बाजूला सरकले.

"दादाच्या घाला," लवू म्हणाला. "लाडका तोच आहे."

"लवूच्या घाला," दत्ताराम म्हणाला.

रुक्मिणीबाईंना ही अजून तालीमच वाटत होती. त्यांनी हसत विचारलं, "पिक्चरात शेवटाक एक होतत मां, साहेब?"

"होतात," अंबादास म्हणाले. "पण आमच्याकडे त्याचा फॉर्म नाही."

यथावकाश दोन कार्डं आली, दुसरा सिलिंडरही आला. आता दोन्ही खोल्यांत गॅस आहे आणि मधल्या दाराला कुलूप आहे. जुन्या कार्डावरून कमी केलेलं आईचं नाव अजून कुठेच चढलेलं नाही, प्रकरण विचाराधीन आहे. तोवर रुक्मिणीबाई गॅलरीत स्टोव्हवर आपल्यापुरता भात शिजवतात. रॉकेल शेजारी देतात. खोकला वाढला आहे.

आपण हसलात, बरं वाटलं. आता आपली आई सध्या कोणाच्या कार्डावर आहे, तेवढं भावाला न विचारता सांगा.