निसर्ग हाच माझा नळ

धनुष्यबाण, फुकट डाउनलोड.

चहा तीन कप, एक बिनसाखरेचा.

नळासाठी अर्ज, तिसऱ्यांदा.

जोडलेले हात, चारशे बारा.

हा सगळा ऐवज नऊ ऑगस्टचा, म्हणजे जागतिक आदिवासी दिनाचा आहे. त्या सकाळी सोलापुरातल्या सन्मान व प्रसिद्धी कक्षाला आदेश आला: जिल्ह्यातील एका आदिवासी महिला नेत्याच्या गौरवाची पोस्ट अकरा वाजता टाकावी. यादीत एकच नाव निघालं. दगडाबाई. पारधी वस्तीतल्या, तीन वस्त्यांना रेशनकार्डं मिळवून देणाऱ्या. शोध सोपा होता, कारण त्या कक्षाबाहेरच्याच बाकावर बसल्या होत्या. शेजारी पाणीपुरवठ्याची खिडकी होती.

"आत बोलावू? फोटो काढते," पोस्टर करणारी अपेक्षा म्हणाली.

"नको," कक्षप्रमुख राजशेखर साहेब म्हणाले. "आपण त्यांच्याच कामात आहोत. व्यत्यय नको."

फोटो त्यांच्या नळाच्या अर्जावरचा घेतला. तो पुरेसा आदिवासी दिसेना. खांद्याला धनुष्य लावलं, केसांत पीस खोवलं, मागे धबधबा सोडला.

"सर, वस्तीवर धबधबा कुठला?"

"वस्तीवर नसेल. गौरवात असतो."

संदेश हवा होता, म्हणून अपेक्षा बाहेर गेली. "मावशी, लोकांना काहीतरी सांगा की."

"नळ द्या म्हनावं. हातपंप मार्चातच आटलाय."

साहेबांनी संदेश तपासला. "'नळ द्या' ही तक्रार झाली. संदेश असा हवा: 'निसर्ग हाच माझा नळ.'"

कक्षाकडे दोनच साचे होते: वाढदिवसाचा आणि 'विनम्र अभिवादन'चा. वाढदिवसाला जन्मतारीख लागते. अर्जावर जन्मतारखेच्या रकान्यात 'दुष्काळात' एवढंच होतं आणि संगणक दुष्काळ घेईना.

"अभिवादन टाका."

"सर, ते गेलेल्यांना करतात. त्यात समई आहे."

"समई शुभ असते. दहा अठ्ठावन्न झाले."

अकरा वाजून चार मिनिटांनी पहिली 'भावपूर्ण श्रद्धांजली' आली. दुपारपर्यंत चारशे बारा जणांनी हात जोडले. खिडकीतले कल्लप्पा क्लार्क यांनीही जोडले आणि, माणूस कर्तव्यदक्ष असल्यामुळे, लगेच अर्ज काढून त्यावर शेरा मारला: अर्जदार मयत, प्रकरण बंद.

"आवो, मी हितं हाय की," दगडाबाई म्हणाल्या.

"मावशी, चारशे बारा लोक खोटं बोलतील व्हय?" कल्लप्पांनी मोबाइल दाखवला.

दगडाबाईंनी चित्र निरखून पाहिलं. "ही कोन बाई? हिच्या मागं तर पानीच पानी हाय. हिला कशाला नळ पायजे?"

कल्लप्पांना मुद्दा पटला. त्यांनी शेऱ्याखाली दुसरी ओळ लिहिली: पाण्याचा पर्यायी स्रोत उपलब्ध.

अपेक्षा पोस्ट काढायला धावली. साहेबांनी तिला थांबवलं. श्रद्धांजली मागे घेण्याची तरतूद नाही. मात्र अर्जदार जन्मदाखला जोडून हयातीचा दाखला मागू शकतात.

त्या चारशे बारांत एक जोडी तुमची आहे. जेवता जेवता, डाव्या हातानं जोडलीत.

दगडाबाईंनी पहिला अर्ज जानेवारीत दिला, तेव्हा हातपंपाला पाणी होतं.